पन्नासाव्या हिश्शाची ड्रॅगलाइन: रंग झकास, दोर चुकीचा

आधीच सांगून टाकतो, हा अभिप्राय खेळण्याविषयी आहे आणि लिहिणाऱ्याचं वय 74 आहे. धाकट्या चिरंजीवांनी वाढदिवसाला 22-आरबी ड्रॅगलाइनचं, म्हणजे दोरांनी बकेट ओढून माती काढणाऱ्या मशीनचं, धातूचं मॉडेल मागवलं. प्रमाण 1:50. माल परदेशातून आला, कस्टम ड्यूटी धरून साडेअकरा हजार पडले. हा आकडा मला तीन दिवसांनी कळला, तोही सूनबाईंच्या तोंडून निसटला म्हणून. एवढ्यात विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग झालं असतं, असं मी म्हणालो खरा. पण त्याआधी खोकं उघडून दोन तास जागचा हललो नव्हतो, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मला त्यांच्याशी भांडायचं नाही, आणि खोक्यावर हा माल 'संग्राहकांसाठी' आहे असं छापलंय. मी संग्राहक नाही. पैठणच्या डाव्या कालव्यावर आधी हेल्पर, मग ग्रीसर, मग ऑपरेटर, असा मी या मशीनपाशी वाढलो. जायकवाडीचा हा कालवा 208 किलोमीटरचा. त्यातला माझ्या वाट्याला आलेला तुकडा नकाशावर नखाएवढाही भरणार नाही, पण त्यावर माझी जवानी गेली.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आर म्हणजे रस्टन, बी म्हणजे ब्युसायरस. इंग्लंडातल्या लिंकन शहरातली रस्टन अँड हॉर्न्सबी आणि अमेरिकेतली ब्युसायरस-एरी, या दोघांनी 1930 साली मिळून काढलेली ही कंपनी. ब्युसायरस हे ओहायोतल्या एका गावाचं नाव. आमच्याकडे एवढं लांबलचक कोण म्हणणार? साइटवर तिला नुसतं 'बावीस' म्हणायचे. 'बावीस चालू आहे का?' 'बावीस चिखलात बसली.' अंग एकच, पण तोंड बदललं की काम बदलायचं. शॉव्हेल लावा, क्रेन करा, ग्रॅब लटकवा, नाहीतर आमच्यासारखी ड्रॅगलाइन. पोकलेन तेव्हा गावोगावी झालेली नव्हती. तसं पोकलेन हेसुद्धा एका फ्रेंच कंपनीचंच नाव. एल अँड टीनं त्यांच्याशी करार करून ती मशीन इथं बनवली, आणि आता कुठल्याही कंपनीचं हायड्रॉलिक मशीन गावात शिरलं तरी लोक म्हणतात, पोकलेन आली.

आता मॉडेल. पेटी भक्कम, आत स्पंज नेमका आकारात कापलेला, एकही भाग सुटलेला नव्हता. बूम, म्हणजे पुढचा लांब हात, जाळीचा, सलग पत्र्यासारखा ओतलेला नाही, प्रत्येक तिरकी पट्टी वेगळी दिसते. आमच्या बावीसला चाळीस फुटी बूम होता. चाळीस फुटांचा पन्नासावा हिस्सा साडेचोवीस सेंटिमीटरच्या आतबाहेर येतो. नातवाची पट्टी लावून पाहिली, बरोबर भरलं. ट्रॅकच्या पट्ट्या सुट्या आहेत, चादरीवर ढकललं की खरोखर फिरतात. वरचं घर फिरतं, आणि फिरताना किंचित जड लागतं तेही मला आवडलं. कॅबमध्ये वाकून पाहिलं तर लिव्हर उभे केलेत, पण हलत नाहीत. त्याला इलाज नाही. सीट मात्र नको इतकी स्वच्छ. आमच्या सीटवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची चौपदरी घडी असायची, आणि ती कोणी उचलून नेली तर त्या दिवशी भांडणाशिवाय मशीन सुरू होत नसे.

रंगाबद्दल मी बोलूच शकत नाही. मॉडेलला जो रंग आहे तो कंपनीचा मूळ असेल. आमची बावीस माझ्या हाती आली तेव्हा तिच्यावर सरकारी पिवळ्याचे दोन थर, त्यावर ग्रीस आणि त्यावर काळ्या मातीची धूळ होती. खरवडल्याशिवाय तिचा जन्माचा रंग कळला नसता, आणि खरवडायला वेळ कुणाला होता.

वजनाची एक गंमत. मॉडेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर 900 ग्रॅम भरलं आणि जाहिरातीत 'वजनदार' म्हणून त्याचं कौतुक आहे. खरं मशीन वीस टनांच्या आसपासचं. लांबी पन्नासाव्या हिश्शात आणली की रुंदी आणि उंचीही तशीच येते, म्हणजे वजन पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, सव्वा लाख पटीनं कमी व्हायला हवं. वीस टनांना सव्वा लाखानं भागा. 160 ग्रॅम! म्हणजे खरी बावीस तिच्या आकाराच्या मानानं या खेळण्याच्या पाचव्या हिश्शाहूनही हलकी होती. आणि तरीही ती काळ्या मातीत बुडायची.

हाच हिशेब बकेटला लावला. बावीसची बकेट पाऊण घनयार्डाची, म्हणजे अर्ध्या घनमीटरहून थोडी जास्त. सव्वा लाखानं भागलं की साडेचार मिलिलिटर येतं. चहाचा चमचा! मॉडेलच्या बकेटमध्ये रवा भरून तो चमच्यात ओतला, चमचा काठोकाठ भरला. इथं कंपनीला पैकीच्या पैकी.

त्या एका चमच्यात माणसांच्या डोक्यावरच्या किती टोपल्या बसतात, तेही मी मनातल्या मनात मोजलं. ते मोजणं माझं नाही, मला शिकवलेलं आहे. 1972 च्या दुष्काळात आमच्या भागात माणसं खडी फोडायला आणि माती वाहायला यायची, दुपारी सुकडी मिळायची. त्या काळात कित्येक दिवस बावीस बाजूला उभी असायची, कारण काम हातांना द्यायचं होतं. मी नवा हेल्पर, मशीन चालू होत नाही म्हणून कुरकुरत होतो. टोपली घेऊन चाललेली एक बाई माझ्याजवळ थांबली, बकेटच्या आत डोकावली आणि म्हणाली, 'लेकरा, ह्यात आमच्या पस्तीस-चाळीस पाट्या बसतील. हिला निजूच दे.' त्यानंतर दुष्काळ सरेपर्यंत मी कुरकुरलो नाही.

इथपर्यंत सगळं छान. आता दोर.

दोरीवाल्या मशीनमध्ये इंजिन, क्लच, ड्रम हे सगळं शेवटी दोर ओढण्यासाठी असतं. दोर चुकला की उरलेलं मशीन म्हणजे पत्र्याची खोली. ड्रॅगलाइनला कामाचे मुख्य दोर दोनच. एक हॉइस्टचा, उचलायचा. तो बूमच्या शेंड्यावरच्या पुलीवरून खाली बकेटला येतो. दुसरा ड्रॅगचा, ओढायचा. तो बूमच्या बुडाशी असलेल्या फेअरलीडच्या, म्हणजे दोराला वाट दाखवणाऱ्या, पुल्यांमधून निघून थेट बकेटच्या पुढच्या साखळ्यांना. आणि तिसरा एक असतो, जेमतेम काही हात लांब, पण करामत सगळी त्याची. त्याला डंप रोप म्हणायचं. त्याचं एक टोक ड्रॅगच्या बाजूला, दुसरं बकेटच्या तोंडावरच्या कमानीला, आणि मध्ये तो हॉइस्टच्या साखळीला लटकणाऱ्या पुलीवरून वळतो. ड्रॅग ताणलेला आहे तोवर हा छोटाही ताठ आणि बकेटचं तोंड वर. ड्रॅग सोडला की छोटा सैल, तोंड आपोआप खाली, माल बाहेर. यासाठी वेगळा लिव्हर नाही, तेल नाही, पाइप नाही. पोकलेनची बकेट उलटायला सिलिंडर लागतो. इथं तेच काम हातभर दोरानं होतं.

मॉडेलमध्ये हा दोर नाही! त्या जागी एक शोभेची साखळी दोन्ही बाजूंना चिकटवून टाकली आहे. बकेट वर येते, खाली जाते, पुढेमागे सरकते, पण तोंड हलत नाही. चमचाभर रवा घेतला की तो घेऊनच बसते. साडेअकरा हजारांची ड्रॅगलाइन, आणि तिला माल टाकता येत नाही.

दुसरी चूक बारीक आहे, पण मला ती रात्रभर टोचली. दोराचं टोक धरायला वेज सॉकेट असतं, आत पाचर बसते आणि जितका ओढाल तितकी घट्ट होते. त्यात भार घेणारा दोर सरळ रेषेत यायला हवा आणि मोकळं टोक तिरक्या बाजूला. मॉडेलमध्ये उलटं ओतलंय. साइटवर कुणी असं भरलं असतं तर फोरमननं मशीन बंद करून ते परत काढायला लावलं असतं, कारण असा भरलेला दोर सॉकेटच्या तोंडाशी मोडतो आणि तिथंच तुटतो.

चिरंजीवांनी माझ्या सांगण्यावरून कंपनीला ईमेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं, भाषा अतिशय नम्र, सोबत दोर ओवण्याची आकृती. तीच आकृती खोक्यात होती. तीच चूक, फक्त आता रंगीत.

मग मीच बसलो. सोबत दिलेला दोरा आधी काढून टाकला, तो जाड आहे. वीस मिलिमीटरचा दोर धरला तर पन्नासाव्या हिश्शात तो 0.4 मिलिमीटरचा हवा. हा एक मिलिमीटरच्या घरातला, म्हणजे खऱ्या मशीनला मनगटाएवढा दोर ओवल्यासारखं झालं. कोपऱ्यावरच्या दुकानातून मासे धरायचा बारीक विणलेला दोरा आणला. सूनबाईंच्या शिवणाच्या डब्यातून एक काळा मणी मागून घेतला. तो झाला डंप रोपची पुली. खरा वायर रोप कापायच्या आधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बारीक तार घट्ट आवळून बांधतात, नाहीतर पीळ क्षणात उसवतो. इथं तारेचं काम नखाला लावायच्या रंगानं केलं. तोही सूनबाईंचाच, गुलाबी. दोराच्या टोकांना गुलाबी ठिपके आहेत, जवळून पाहिलं तर दिसतात.

दीड तास लागला. ड्रॅग ताणला, बकेट रव्यात बुडवली, भरली, उचलली, ड्रॅग सोडला. रवा टेबलावर. मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं 'हां' म्हणालो.

माझे वस्ताद अंबडकडचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही. ते शिकवताना बोलायचे कमी. मी सीटवर, ते शेजारी उभे, आणि ब्रेकच्या पेडलवर माझ्या पायावर त्यांचा पाय. बकेट फेकायची कशी, हे त्या पायातून शिकलो. बकेट आधी बूमच्या बुडाकडे ओढून घ्यायची, झोक्यासारखी मागे न्यायची, आणि ड्रॅग मोकळा सोडायचा. ती पुढे झेपावते, बूमच्या शेंड्याच्याही पलीकडे जाते, आणि नेमक्या त्या टोकाला हॉइस्ट सोडायचा. लवकर सोडला तर बकेट जवळ पडते, उशिरा सोडला तर परत येते. चाचांचा पाय दाबलेला, मग कानाशी आवाज, 'रुक... रुक... अब छोड. छोड बोला ना!' साधले की बूमच्या टोकापासून पाच-सात फूट पुढची माती हाताशी यायची. आमच्यातले दोघंतिघं पैज लावून फेकायचे. शाखा अभियंता येताना दिसले की सगळे एकदम शहाणे.

हे मॉडेलवर करून पाहिलं. जमत नाही, आणि यात कंपनीचा दोष नाही. खऱ्या बूमवरून दहा मीटर दोरावर लटकलेली बकेट एकदा जाऊन परत यायला सहा सेकंद घेते. त्या सहा सेकंदांत माणूस विचार करतो, पाय उचलतो, चुकतो, शिव्या खातो. वीस सेंटिमीटर दोऱ्यावरची बकेट एका सेकंदाच्या आत जाऊन येते. पत्रा पन्नासाव्या हिश्शात आणता येतो, झोका नाही. मी 'छोड' म्हणेपर्यंत ती तीनदा हलून थांबलेली असते.

आणखी एक गोष्ट द्यायला हवी होती, ती म्हणजे फळ्या. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर ड्रॅगलाइन जमिनीवर उभी करत नाहीत, जाड लाकडी फळ्यांच्या चटया टाकून त्यावर उभी करतात. पुढे सरकायचं असलं की मागची चटई बकेटच्या साखळीला अडकवायची, उचलायची, अर्धा फेरा फिरून पुढे ठेवायची आणि मग तिच्यावर चढायचं. मशीन स्वतःचा रस्ता स्वतःच उचलून पुढे टाकत चालते. पाहायला आलेली पोरं माती काढण्यापेक्षा हेच बघत बसायची. मॉडेलसोबत एकही फळी नाही. मी आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून चार चटया केल्यात.

आवाज, वास, उष्णता यांची तक्रार करण्यात अर्थ नाही. मे महिन्यात ब्रेकच्या लायनिंगचा जळका वास, पावसात ओला झालेला ब्रेक पहिल्या दोन-चार वेळा हमखास घसरायचा तो, दोर पुसताना तुटकी तार फडक्यातून बोटात शिरायची ती, हे कुणी खोक्यात भरून देत नाही. पुढे जमशेदपूरला टेल्कोनं अमेरिकेच्या पी अँड एचबरोबर बनवलेली 955 हाताखाली आली, ती मोठी आणि देखणी, तिच्यावरही मी खूश होतो. तिचं मॉडेल कुणी काढलं असेल तर चिरंजीवांना सांगू नका.

ड्रमकडे आता येतो, कारण तिथं या लोकांनी नकळत कमाल केली आहे. मागच्या बाजूला दोन छोटे हँडल आहेत, एक हॉइस्टच्या ड्रमला, एक ड्रॅगच्या. फिरवलं की दोरा गुंडाळतो किंवा सुटतो. रविवारी नातू बसला. हॉइस्टचा दोरा सोडत सोडत बकेट टेबलावर टेकली, पण पठ्ठ्या हँडल फिरवतच राहिला. ड्रमवरचा दोरा सैल पडला, वेटोळी उठली, ड्रमच्या कडेवरून घसरून आसाभोवती गेली. मग त्यानं घाबरून उलटं फिरवलं, आणि होतं ते पक्कं आवळलं.

'आबा, बिघडलं.'

काहीही बिघडलं नव्हतं. ऑपरेटर झाल्याच्या पहिल्याच महिन्यात मी अगदी हेच केलं होतं. बकेट जमिनीला लागली, मी ब्रेक दाबला नाही, जड ड्रम आपल्याच जोरात फिरत राहिला आणि बघता बघता अंगठ्याएवढ्या जाड, ग्रीसनं माखलेल्या दोराचं घरटं झालं. मीही घाबरून वर ओढलं होतं. चाचा आले, घरट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि थोड्या अंतरावर सावलीत बसून बिडी पेटवली. मदतीला कुणालाही येऊ दिलं नाही. सकाळी नऊला मी पहार घेऊन लागलो, दोर मोकळा झाला तेव्हा तीन वाजले होते. मग ते उठले, दोर हातानं चाचपत पूर्ण लांबीभर चालले, एका जागी थांबले. तिथं दोराला मुरड पडली होती. म्हणाले, 'ये अब गया.' नवा दोर मागवला गेला, आणि लॉगबुकात कारण काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं. त्यात माझं नाव नव्हतं.

नातवाला मी सहा तास बसवलं नाही. चिमटा आणला, चष्मा पुसला, दोघं मिळून लागलो. पाऊण तासात सुटलं. आता तो बकेट टेकायच्या आधीच हँडलवर बोट दाबून धरतो आणि माझ्याकडे बघतो.

पाचपैकी साडेतीन तारे. बूम, ट्रॅक आणि बकेटच्या मापासाठी साडेतीन, उरलेला दीड डंप रोपसाठी राखून ठेवलाय. घ्यायचं असेल तर घ्या, पण सोबत बारीक दोरा, एक मणी आणि चिमटा आधीच आणून ठेवा. दहा वर्षांच्या आतल्या पोराला एकट्यानं देऊ नका, पुल्या फार नाजूक आहेत. आणि खोदायला रवा वापरू नका, फटींत शिरतो आणि दोन दिवसांनी मुंग्या येतात. आमच्याकडे तर रव्याच्या डब्याला आता हात लावायची बंदी झाली आहे. कुंडीतली माती चहाच्या गाळणीनं चाळून घेतो. काळीच आहे, योगायोगानं.